महानीलेंत शिरलेलें अर्बुद

आमच्या निकटच्या परिचयाच्या एका घरांतील ही हकीकत आहे. घर पुण्यांतलें, तीन भावांचें एकत्र कुटुंब, चूल एक व देवघर एक. घरांतल्या थोरल्या सुनेला सारीं लहानमोठीं माणसें मोठ्या काकू म्हणतात. २०२२ सालच्या वैशाखांत एके दिवशीं सकाळीं काकूंना आपली लघवी लाल झालेली दिसली. दुखलेंखुपलें कांहींच नव्हतें. उन्हाळी लागली असेल असें मनाशीं म्हणून त्यांनीं धन्याजिऱ्याचें पाणी घेतलें, सब्जा भिजवून घेतला, आणि तिसऱ्या दिवशीं लघवी आपोआप स्वच्छ झाली. गुण आला असें वाटून त्या ती गोष्ट विसरूनही गेल्या.

आषाढांत पुन्हा तसेंच झालें, व ह्या खेपेस बारीक गुठळ्याही पडल्या. साठी उलटलेल्या बाईनें असलें कांहीं बोलावयाचें तरी कोणाजवळ? मुलांना सांगणें शक्यच नव्हतें, आणि यजमानांना सांगितलें असतें तर त्यांनीं घर डोक्यावर घेतलें असतें. शिवाय रक्त लघवीवाटेच येतें कीं दुसऱ्या वाटेनें, याचाही त्यांना नीटसा उलगडा होईना. पुढें दोन्ही पाय सारखेच सुजूं लागले. गौरीजेवणाच्या दिवशीं पुरण वाटतां वाटतां त्या मटकन् खालीं बसल्या, तेव्हां धाकट्या जाऊबाईंनीं त्यांना आंतल्या खोलींत नेलें, दार लावून विचारलें, आणि चार महिने दडवून ठेवलेलें सारें बाहेर पडलें.

सोनोग्राफी झाली, सी. टी. स्कॅन झाला. उजव्या मूत्रपिंडांत कर्करोगाचें अर्बुद होतें. आणि अहवालांत पुढें असें लिहिलें होतें कीं, तें मूत्रपिंडाच्या नीलेंतून पोटांतल्या महानीलेंत शिरून यकृताच्या मागपर्यंत वर चढलें आहे. ज्या डॉक्टरांनीं हा अहवाल प्रथम वाचला त्यांनीं छातीकडे बोट दाखवून "हृदयाच्या वाटेवर आहे" एवढेंच सांगितलें. त्या रात्रीं माजघरांत वडील मंडळी बसली आणि सर्वांचें एकमत झालें कीं, आतां कापाकापी करून बिचारीचे हाल करूं नयेत. काकूंना कोणीं विचारलें नाहीं. आम्ही त्या बैठकीला होतों. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही मान डोलावली.

तें एकमत चुकीचें होतें. तें कां चुकीचें होतें हें पुढें आम्हांला कळलें, आणि तेंच वाचकांपुढें मांडावें म्हणून हें लिहीत आहों.

शरीरांत रक्ताच्या दोन वाटा असतात. हृदयाकडून अवयवांकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी, आणि अवयवांकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या त्या नीला. मूत्रपिंड हा अवयव मुठीएवढा, पण रक्ताचा मोठा भोक्ता; हृदय जेवढें रक्त बाहेर टाकतें त्याचा सुमारें पांचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो, आणि गाळून झाल्यावर त्यांच्या नीलांवाटे महानीलेंत येऊन पडतो. ही महानीला बेंबीच्या किंचित् खालीं दोन्ही पायांकडून येणाऱ्या नीलांच्या संगमानें तयार होते, पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगानें वर चढते, यकृताच्या पाठीमागून जाते, श्वासपटल ओलांडते आणि लगेच हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत उघडते. तिची भिंत पातळ, जाडी अंगठ्याएवढी किंवा थोडी अधिक. डाव्या मूत्रपिंडाची नीला दोनतीन इंच लांब असून तिला तिकडे पोंचावयास मोठी रोहिणी ओलांडून यावें लागतें. उजव्याची मात्र जेमतेम इंच दीड इंच. उजव्या बाजूचें अर्बुद महानीलेंत अधिक वेळां सांपडतें, त्याचें कारण हा जवळचा रस्ता.

आतां ह्या रोगाची एक चमत्कारिक खोड सांगतों. बहुतेक कर्करोग शेजारच्या मांसांत मुळें रोवीत पसरतात. मूत्रपिंडाचा कर्करोग तसें करतोच, परंतु शंभर रोग्यांपैकीं चार ते दहा जणांत तो नीलेचें तोंड शोधून काढतो व रक्ताच्या ओघाबरोबर तिच्या आंतून वाढूं लागतो. मूळ गांठ मूत्रपिंडांतच, आणि तिला फुटलेली ही लांब जीभ हृदयाच्या दिशेनें वर वर जात राहते. ऐकतांना अंगावर कांटा येतो. विहिरीच्या कांठावरच्या वडाची पारंबी आंत लोंबलेली आपण पाहतों; ती पाण्यांत झुलते, पण विहिरीच्या दगडांना धरून नसते. ही जीभही पुष्कळदा तशीच नीलेच्या पोकळींत मोकळी झुलत असते. तिचें पोषण मूळ गांठींतून होतें. भिंतीला ती चिकटतेच असें नाहीं. म्हणजे जें चित्र पाहून माणसें हाय खातात, त्यांतच आशेला जागा असते: नीला उघडली तर जीभ सगळीच्या सगळी बाहेर येऊं शकते.

तिच्या खालच्या बाजूस रक्ताचा ओघ अडला कीं तेथें साध्या रक्ताच्या गुठळ्या जमतात. पाय सुजतात ते त्यामुळें. रक्त मग आडवाटा शोधतें आणि पोटाच्या कातडीवर निळ्या शिरा तटतटून दिसूं लागतात. पुरुषांमध्यें अंडाच्या वरच्या शिरा अकस्मात् फुगतात व निजल्यावरही ओसरत नाहींत. ह्यांतलें एखादें चिन्ह रोग्याला बरेच दिवस असतें, आणि अमुक एक कारण सांगून तो स्वतःचें समाधान करीत असतो.

माणूस एका मूत्रपिंडावर जगूं शकतो, हें आज शाळेंतल्या मुलालाही ठाऊक आहे. परंतु एके काळीं तें सिद्ध करावें लागलें. जर्मनींतील हायडेलबर्ग येथें गुस्ताव सीमोन यांनीं आधीं कुत्र्यांवर प्रयोग करून खात्री करून घेतली, आणि २ ऑगस्ट १८६९ रोजीं एका स्त्रीचें मूत्रपिंड योजनापूर्वक काढलें, ती जगली. महानीलेला हात घालण्यास मात्र आणखी चव्वेचाळीस वर्षें जावीं लागलीं. १९१३ सालीं न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य बर्ग यांनीं महानीला उघडून आंतील अर्बुद काढल्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतरही पुष्कळ काळ हें काम क्वचितच कोणी हातीं घेई, आणि नीलेंत शिरलेला रोग म्हणजे हाताबाहेर गेलेला रोग हीच समजूत रूढ राहिली. १९७२ सालीं अमेरिकेंत स्किनर व त्यांचे सहकारी यांनीं ह्या रोग्यांवर धीटपणें शस्त्रक्रिया कां करावी याचें सकारण समर्थन केलें, तेव्हांपासून वारा फिरला. आमच्या त्या माजघरांतलें एकमत म्हणजे पन्नास वर्षें शिळें मत होतें. शिळें मत शिळ्या भाकरीप्रमाणें नुसतें कोरडें असतें तर चाललें असतें. तें माणसाच्या जिवावर उठतें.

जाऊबाईंनीं तें मानलें नाहीं. त्या काकूंना व त्यांच्या थोरल्या मुलाला घेऊन एका मोठ्या रुग्णालयांतल्या अनुभवी शस्त्रवैद्यांकडे गेल्या. आम्हीही बरोबर होतों. त्या गृहस्थांनीं घाई केली नाहीं. एका कागदावर त्यांनीं मूत्रपिंड काढलें, उभी महानीला काढली, वर यकृत आणि त्याच्यावर हृदय काढलें, आणि पेन्सिलीनें ती जीभ रंगवीत म्हणाले, "सारा प्रश्न हिचें टोंक कोठवर गेलें आहे हा आहे."

हा टोंकाचा प्रश्न म्हणजेच ह्या शस्त्रक्रियेचें मर्म होय. अमेरिकेंतील मेयो रुग्णालयांतले नेव्हेस व झिंके यांनीं १९८७ सालीं जिभेच्या उंचीवरून ज्या पायऱ्या पाडल्या त्या थोड्याफार फरकानें आजही चालतात. जीभ मूत्रपिंडाच्या नीलेंतच असेल किंवा महानीलेच्या दारांतून जरा डोकावत असेल, तर काम त्या मानानें सोपें. ती यकृताच्या खालपर्यंत चढली असेल तर महानीलेचा तेवढा भाग खालूनवरून बांधून रिकामा करावा लागतो. यकृताच्या मागें पोंचली कीं मामला अवघड होतो, कारण तेथें महानीला यकृतांत जवळजवळ बुडालेलीच असते आणि यकृताच्या स्वतःच्या नीला तिला त्याच जागीं येऊन मिळतात. आणि श्वासपटलाच्या वर, हृदयाच्या कप्प्यांतच टोंक शिरलें असेल, तर हृदयाचे शस्त्रवैद्यही बोलवावे लागतात. काकूंची जीभ तिसऱ्या पायरीवर होती. यकृताच्या मागें, श्वासपटलाच्या खालीं. पहिल्या डॉक्टरांनीं 'हृदयाच्या वाटेवर' म्हटलें तें खोटें नव्हतें, पण वाट आणि मुक्काम यांत अंतर असतें.

काकू तोंवर गप्प होत्या. त्यांनीं सरळ विचारलें, "न कापतां मला किती दिवस?"

डॉक्टर म्हणाले, "नक्की कोणीच सांगूं शकणार नाहीं. पण महिन्यांचा हिशेब आहे, वर्षांचा नाहीं."

"आणि कापलें तर?"

"शंभरांत पांच ते दहा माणसें ह्या शस्त्रक्रियेंतून उठत नाहींत, टोंक जितकें वर तितका धोका अधिक. पण रोग दुसरीकडे पसरलेला नसेल, आणि तुमचा पसरलेला दिसत नाहीं, तर निम्मीं किंवा त्याहून कांहीं अधिक माणसें पांच वर्षांपुढें जातात."

थोरला मुलगा चुळबुळ करूं लागला. आईसमोर हे आंकडे बोलावयास नको होते असें त्याचें मत. आम्हांला मात्र वाटलें कीं, चार दिवसांत प्रथमच त्या बाईशीं कोणी माणसासारखें बोलत आहे. आपल्या घरांतून रोग्यापासून रोग लपविण्याची जी पद्धत आहे तिला आम्ही प्रेमाचें लक्षण समजतों. पण ज्याच्या देहावर शस्त्र चालावयाचें त्यालाच अंधारांत ठेवून निवाडा करणें यांत प्रेमापेक्षां आपल्याच भीतीचा वांटा मोठा असतो.

शस्त्रक्रिया आठ दिवसांच्या आंत करावयाची ठरली, आणि घरीं पुन्हा वादळ उठलें. कारण पितृपंधरवडा चालू होता. दोन आठवडे थांबून नवरात्रांत करूं, असें भाऊजींचें म्हणणें. डॉक्टरांना तें मान्य नव्हतें. जीभ वाढत असते. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या तोंडावर एम. आर. आय. करून टोंक पुन्हा पाहतात, कारण जुन्या चित्राच्या भरंवशावर पोट उघडलें आणि टोंक चार बोटें वर सरकलेलें निघालें, तर सारी तयारी अपुरी पडते. वाद काकूंनींच मिटविला. "पितर काय माझे वैरी आहेत?" एवढेंच त्या म्हणाल्या.

पुढें काय झालें तें आम्हीं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलें. ह्या शस्त्रक्रियेंत सर्वांत मोठें भय रक्तस्रावाचें व त्याच्याही वर एका गोष्टीचें: जिभेचा तुकडा तुटून रक्ताबरोबर हृदयांतून फुप्फुसाच्या रोहिणींत जाऊन अडकण्याचें. तसें झालें तर रोगी मेजावरच जाऊं शकतो. म्हणून मूत्रपिंडाला आधीं हालवावयाचें नाहीं, महानीला दाबावयाची नाहीं. प्रथम मूत्रपिंडाची रोहिणी बांधावयाची. तिचें रक्त बंद झालें कीं अर्बुदाची भूक मारली जाते, फुगलेल्या शिरा ओसरतात. मग यकृताचे बंध सोडवून तो जडशीळ अवयव हळूहळू बाजूस वळवावयाचा, कीं त्याच्यामागची महानीला डोळ्यांना दिसावी. ही कला यकृतारोपण करणाऱ्या शस्त्रवैद्यांनीं पिकविलेली; ती इकडे आल्यापासून छाती उघडण्याचे कितीतरी प्रसंग टळले आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं दरम्यान अन्ननलिकेंतून एक ध्वनियंत्र हृदयाच्या मागें उतरविलेलें असतें. त्याच्या पडद्यावर जिभेचें टोंक सतत दिसत राहतें आणि आंतला चोर कोठें आहे हें क्षणोक्षणीं कळतें.

त्यानंतर नाकेबंदी. जिभेच्या खालीं महानीलेभोंवतीं एक पट्टी, डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेभोंवतीं दुसरी, टोंकाच्या वर तिसरी. आणि यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांची जुडी थोडा वेळ चिमटींत. ही शेवटची युक्ति प्रिंगल यांनीं १९०८ सालीं यकृताच्या जखमांसाठीं सांगितली होती; आजही ती त्यांच्याच नांवानें चालते. वरची पट्टी आवळतांच पायांकडून व पोटाकडून हृदयाला येणारें रक्त थांबतें. म्हणून आधीं क्षणभर आवळून पाहतात. रक्तदाब टिकला तर पुढें जातात, न टिकला तर यंत्राच्या साह्यानें रक्त वळसा घालून वर पोंचवितात. काकूंचा टिकला. त्यांच्या महानीलेची वाट गेले काहीं महिने अर्धीअधिक तुंबलेलीच होती, आणि शरीरानें आपल्या आडवाटा आधींच मोकळ्या केल्या होत्या. ज्या आडवाटांनीं रोगाची चाहूल दिली त्याच येथें उपयोगी पडल्या.

नीला उघडली. जीभ भिंतीला फक्त तोंडाशींच थोडी चिकटलेली होती. तेवढी किनार कापून ती मूत्रपिंडासकट एकसंध बाहेर काढली. आंतली हवा व कण धुवून टाकून नीला बारीक धाग्यानें शिवली, आणि पट्ट्या एकेक करून सोडल्या. खुद्द नीला उघडी होती ती थोडीं मिनिटें. सर्व शस्त्रक्रियेला मात्र सात तास लागले. बाहेर बसलेल्यांना ते सात दिवसांसारखे गेले हें सांगावयास नकोच.

हृदयरोगाचे शस्त्रवैद्य व त्यांचें यंत्र शेजारीं सज्ज ठेवलें होतें. त्यांची गरज पडली नाहीं. परंतु ज्यांची जीभ हृदयांतच गेलेली असते त्यांना तेंच तारतें. जॉन गिबन यांनीं १९५३ सालीं फिलाडेल्फियांत हृदयफुप्फुस यंत्रावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, त्यापूर्वीं अशा रोग्यांना जवळजवळ उपायच नव्हता. १९८४ सालीं बाल्टिमोरच्या मार्शल, राइट्झ व डायमंड यांनीं पुढची पायरी गांठली. यंत्रावर घेऊन रोग्याचें शरीर सुमारें १८ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावयाचें, मग हृदय व यंत्र दोन्ही थांबवावयाचीं. अर्धा तासपर्यंत त्या देहांत रक्त वाहत नाहीं. थंडाव्यामुळें मेंदूची मागणी इतकी उतरलेली असते कीं तेवढी मुदत तो निभावून नेतो. त्या रक्तहीन शांततेंत हृदयाचा कप्पा व महानीला डोळ्यांनीं पाहून साफ करावयाची, आणि पुन्हा ऊब देऊन माणसाला परत आणावयाचें. योगनिद्रेच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतों. ही त्यांहून कमी अद्भुत नाहीं, आणि शिवाय घड्याळ लावून केलेली आहे.

सगळ्यांचेंच असें सरळ होत नाहीं. कांहींच्या जिभेनें महानीलेची भिंत पोखरलेली असते; मग तो तुकडा कापून ठिगळ लावावें लागतें किंवा कृत्रिम नळी बसवावी लागते. कांहींच्या फुप्फुसांत रोग आधींच पोंचलेला असतो, आणि तेथें औषधें आधीं कीं शस्त्र आधीं हा विचार रोग्यागणिक करावा लागतो. औषधानें जीभ आंखडून घ्यावी व मग शस्त्र धरावें असे प्रयोग झाले आहेत. थोड्यांना त्याचा गुण येतो, सर्वांना नाहीं. निवडक रोग्यांत रोबॉटच्या साह्यानें लहान छिद्रांतून हें काम करणारेही आतां आहेत. आमचें मत विचाराल तर छेद केवढा हा प्रश्न गौण आहे. मूत्रमार्गाचे, यकृताचे, हृदयाचे व भुलेचे जाणते डॉक्टर एका छपराखालीं आहेत कीं नाहींत, रक्तपेढी जवळ आहे कीं नाहीं, आणि हें काम त्यांनीं पूर्वीं किती वेळां केलें आहे, हें आधीं विचारावें. विचारण्यांत संकोच कसला? लग्न ठरवितांना आपण ह्याहून अधिक चौकशा करतों.

काकू अकराव्या दिवशीं घरीं आल्या. अर्बुदाची तपासणी होऊन ह्या रोगाचा जो नेहमींचा प्रकार आहे, ज्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं स्वच्छ पाण्यासारख्या दिसतात, तोच निघाला. रोग उलटूं नये म्हणून शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतविणारें पेम्ब्रोलिझुमॅब नांवाचें इंजेक्शन सुमारें वर्षभर देतात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत त्यानें रोग उलटण्याचें प्रमाण घटलें असें दिसलें होतें. आयुष्यही वाढतें हें २०२४ सालीं पुढें आलें. औषध फार महाग, आणि त्याचे अपायही असतात. त्या वेळीं दोन्ही बाजू ऐकून काकूंनीं तें न घेण्याचें ठरविलें. आज विचारलें असतें तर कदाचित् निराळें ठरतें.

लघवींत रक्त दिसलें म्हणजे कर्करोगच, असें मुळींच नव्हे. खडा, जंतुसंसर्ग अशीं साधीं कारणेंच पुष्कळदा निघतात. बीट खाल्ल्यानेंही रंग येतो. पण न दुखतां आलेलें रक्त आपोआप थांबलें म्हणून त्याची चौकशीही थांबवावी, हा हिशेब चुकीचा. काकूंची गांठ धन्याजिऱ्याच्या पाण्यानें नव्हे, तर आपल्या लहरीनें गप्प बसली होती. आणि वैशाख ते भाद्रपद ह्या अवधींत ती चढत राहिली. वैशाखांत ती कोठवर होती हें आतां कोणालाच सांगतां येणार नाहीं. सोनोग्राफीला अर्धा तास लागतो. धूम्रपान करणारे, वाढलेल्या रक्तदाबाचे व स्थूल शरीराचे लोक यांना हा रोग अधिक होतो, तेव्हां त्यांनीं तर मुळींच चालढकल करूं नये. बायकांच्या बाबतींत आणखी एक अडचण असते. रक्ताचा डाग दिसला कीं तो कशाचा हें आपणच ठरवून मोकळें व्हावयाचें, अशी त्यांना लहानपणापासून संवय लागलेली असते.

सध्यां दर सहा महिन्यांनीं काकूंची तपासणी होते, व आजवरच्या सगळ्या चांगल्या निघाल्या आहेत. डाव्या मूत्रपिंडावर सारा भार असल्यामुळें रक्तदाबावर नजर ठेवावी लागते, आणि दुखण्यावरच्या कित्येक गोळ्या वर्ज्य आहेत. काकूंचे गुडघे थंडींत धरतात, आणि पूर्वींच्या संवयीनें त्या गोळी शोधतात. म्हणून औषधांचा डबा धाकट्या जाऊबाईंनीं आपल्या कपाटांत ठेवला आहे. किल्ली त्यांच्या कनवटीला असते, आणि त्यावरून दोघींची रोज एकदां तरी वादावादी होते.